शेजारी बसणाऱ्याला वास येतो हे सांगायचं का? ठाण्यातल्या एका ऑफिसचं प्रकरण

मी छोट्या ऑफिसांचं एचआरचं काम बघते. म्हणजे ज्यांना पूर्णवेळ एचआर ठेवणं परवडत नाही असे सीए, आर्किटेक्ट, क्लिअरिंग एजंट वगैरे. पगारपत्रकं, रजा, नेमणुकीची पत्रं आणि मधूनमधून भांडणं. हे प्रकरण 2024 च्या पावसाळ्यातलं आहे. नावं सगळी बदललीत, एकदोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. ज्याच्याबद्दल आहे त्या केतनला विचारूनच लिहितेय, आणि त्याची एकच अट होती, "मी रोज आंघोळ करत होतो हे नीट लिहा." तर ते आधीच लिहून टाकते. करत होता, दोनदा करत होता.

पार्श्वभूमी

स्टेशनपासून चालत जाता येईल असं सीएचं ऑफिस, दोन पार्टनर, वीसेक माणसं. ज्यांनी सीएच्या ऑफिसात काम केलंय त्यांना जुलै म्हणजे काय हे सांगायला नको. 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीच्या तपशिलाचं जीएसटी रिटर्न), 20 ला 3बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न), 31 ला पगारदार मंडळींची आयकर रिटर्न आणि त्याच दिवशी पहिल्या तिमाहीचं टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या कराचं, रिटर्न. माणसं सकाळी साडेनऊला बसतात ती रात्री आठ-साडेआठला उठतात, डबा टेबलावरच, चहा टेबलावरच. मोठी एकच खोली, एका टेबलाला चौघं, दोन स्प्लिट एसी, आणि पाऊस आत येतो म्हणून खिडक्या जून ते सप्टेंबर बंदच. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवून थंड करतो, त्यामुळे अशा खोलीत सकाळी एक वास शिरला की तो संध्याकाळपर्यंत तिथेच नांदतो. एक्झॉस्ट होता, पण आवाज करतो म्हणून बंद ठेवलेला.

केतन 26 चा. आर्टिकलशिप, म्हणजे सीए व्हायला लागणारी उमेदवारी, याच ऑफिसात केली, सीएची इंटर परीक्षा पूर्ण, फायनल परीक्षेचा एक ग्रुप राहिलाय म्हणून पगारावर थांबलेला. कामाला एक नंबर. क्लायंट फोन करून "केतन आहे का" विचारतात असा. मूळचा कोकणातला, बदलापूरला तिघांत मिळून एक खोली, खोलीला ना गॅलरी ना धड खिडकी. त्याच्या टेबलावर सायली, प्रणव आणि नीलिमाताई. नीलिमाताई ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या. टीम लीड तेजस पलीकडच्या टेबलावर.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून टेबलावर वास यायला लागला.

प्रश्न नेमका काय होता

माझ्यापर्यंत आला तेव्हा प्रश्न असा आला: "मॅडम, एका मुलाच्या अंगाला खूप वास येतो, त्याला कसं सांगायचं?" यातलं "अंगाला" हे कोणी तपासलं होतं? कोणीच नाही. वास येतोय इतकंच माहीत होतं, बाकी सगळं प्रत्येकाने आपापल्या मनाने भरलेलं. सायलीचं म्हणणं घाम, प्रणवचं म्हणणं आंघोळ करत नसेल, बॅचलर पोरांचं काय असतं माहितीये ना. आणि टेबलापलीकडचं कोणीतरी (कोण ते मला माहितीये, पण इथे त्याने काही फरक पडत नाही) म्हणालं की डब्यात सुकट असते ना त्याच्या, ते लोक खातातच तसं.

या वाक्यापाशी मी थांबले, कारण इथे प्रकरण वेगळ्या रस्त्याला लागतं. आपल्याकडे वासाबद्दलचं बोलणं दुसऱ्या वाक्याला खाण्यावर आणि तिसऱ्या वाक्याला जातीवर जाऊन पोचतं, आणि बोलणाऱ्याला आपण काही वावगं बोललो असं वाटतही नाही. हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास कोणाला खटकत नाही, सुकटीचा खटकतो, हा नाकाचा दोष नाही. तेव्हा मी पहिल्याच फोनवर पार्टनरना म्हटलं की या विषयात "ते लोक" हा शब्द परत आला तर आधी त्या माणसाशी बोलायला लागेल, केतनशी नंतर.

दुसरं म्हणजे तोवर वासाचे परिणाम सुरू झाले होते आणि ते केतनलाच भोगावे लागत होते, फक्त त्याला ते कळत नव्हते. सायली लॅपटॉप उचलून कॉन्फरन्स रूममध्ये बसायला लागली. प्रणवने मोगऱ्याचा रूम फ्रेशनर आणून दिवसातून चारपाचदा मारायला सुरुवात केली, त्याने ओलसर कुबट वास अधिक मोगरा असं जे काही तयार व्हायचं ते मूळ वासापेक्षा भयानक होतं असं सगळेच सांगतात. केतनला वगळून एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात स्टिकर. आणि सगळ्यात वाईट, भिवंडीच्या एका क्लायंटची फाइल पूर्ण केतनने केलेली असताना मीटिंगला मोठ्या सरांनी, म्हणजे मोठ्या पार्टनरनी, प्रणवला नेलं. केतनला सांगितलं, "तू इथलं बघ, इथे लोड आहे." माझ्या दृष्टीने सांगायचं की नाही याचा निकाल इथेच लागला. माणसाचं काम त्याच्या हातातून जातंय आणि का जातंय हे त्याला सोडून सगळ्यांना माहितीये, अशा ठिकाणी गप्प बसण्याला सभ्यपणा म्हणता येत नाही.

"पण त्याला स्वतःला येत नसेल का वास?" हे मला तिघांनी विचारलं. नाही येत. एकच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतं. आपल्या घराचा वास पाहुण्याला येतो आपल्याला येत नाही, तसंच हे. त्यामुळे "कळत कसं नाही याला" हा राग निरर्थक आहे.

पर्याय

गप्प बसणं. याच्या बाजूने बोलणारे बरेच होते. पावसाळा आहे, दोन महिन्यांत संपेल, सीझनमध्ये चांगला माणूस दुखावून ठेवायचा का. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे, पण मीटिंग हातची गेली ती कोणी परत देणार नव्हतं.

सगळ्यांना मिळून एक मेसेज. हा पर्याय मला विचारायच्या आधीच वापरून झाला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या सरांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं की पावसाळ्यात सर्वांनी वैयक्तिक स्वच्छतेची काळजी घ्यावी, सहकाऱ्यांना त्रास होणार नाही असं बघावं. केतनने त्याला अंगठा दाखवला, बाकीच्यांसारखाच. ज्याच्यासाठी मेसेज होता तो निवांत आणि नीलिमाताई हादरल्या. त्या पन्नाशीच्या, पाळी जाण्याच्या काळातून जाताहेत, बसल्याबसल्या घामाने भिजतात, त्यांना खात्रीच झाली की हे आपल्यालाच उद्देशून आहे. त्यांनी सगळ्यांबरोबर जेवणं बंद केलं, पर्समध्ये जास्तीचा ब्लाउज आणायला लागल्या. आणि ज्या दोन पोरांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता त्यांनी एवढा डिओ मारायला सुरुवात केली की सायलीचं डोकं आता दोन कारणांनी दुखायला लागलं. सार्वजनिक मेसेज हा प्रकार मला मुळातच पटत नाही. तो लागायचा त्याला लागत नाही आणि हळव्या माणसाला बरोबर लागतो.

ड्रॉवरमध्ये डिओ ठेवणं. हा प्रणवचा प्लॅन, निनावी, वर चिठ्ठीही नाही. मी स्पष्ट नको म्हटलं. एक तर त्या माणसाला कळतं की कोणीतरी काहीतरी सुचवलंय, कोणी ते कळत नाही, मग तो वीस जणांच्या तोंडाकडे बघत बसतो. दुसरं, डिओ हे उत्तर आहे हे कोणी ठरवलं? काखेतल्या ग्रंथी वेगळ्या असतात, तिथला घाम बॅक्टेरियांना आवडतो, म्हणून तिथला वास वेगळा. तिथे डिओ किंवा घाम कमी करणारं ॲल्युमिनियमचं क्षार असलेलं रोल-ऑन चालतं, तुरटीही त्याच जातीची, म्हणून आजोबा लोक दाढीनंतरचा खडा काखेतही फिरवायचे. पण वास कपड्याचा असेल, बुटाचा असेल, आजारातून येत असेल तर डिओचा काय उपयोग.

मित्राकडून सांगणं. आर्टिकलशिपमधला त्याचा जवळचा मित्र होता, पण तो नोकरी बदलून गेलेला. ज्याने वास घेतलेला नाही त्याने "ऑफिसात असं म्हणतात" म्हणून सांगणं हे सगळ्यात बेकार, कारण त्यात सांगणाऱ्याच्या मागे पूर्ण ऑफिस उभं राहतं.

मोठ्या सरांनी सांगणं. सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पोरगं वासाचं ऐकत नाही, नोकरी जाते की काय ते ऐकतं.

मी सांगणं. मी महिन्यातून एकदोनदा येणारी बाई. माझ्या तोंडून आलं की ते फाइलवर आलं असं वाटतं, आणि वाटायला नकोच, येतंच.

सायलीने सांगणं. तिने जूनमध्येच सांगितलं असतं तर बहुधा हा लेख लिहायची वेळ आली नसती, त्याबद्दल खाली. जुलैत मात्र ती ग्रुपमध्ये होती, स्टिकरवर हसलेली होती, आता तिला तोंड उघडायची लाज वाटत होती. ते समजण्यासारखं आहे.

राहिला तेजस. वयाने तीनचार वर्षं मोठा, केतन त्याला दादा म्हणतो, अंबरनाथला राहतो म्हणून लाइन एकच, ग्रुपमध्ये होता पण कधी काही टाकलेलं नव्हतं. त्याला हे अजिबात करायचं नव्हतं, आणि मला तेच बरं वाटलं. ज्याला असलं बोलायची हौस असते त्याला पाठवू नये.

काय केलं

तेजसबरोबर फोनवर सविस्तर बोलणं झालं. ठरलं ते असं. फक्त आपल्या नाकाचं बोलायचं, "मला जाणवतो" म्हणायचं, "सगळे म्हणतात" हे तोंडातून काढायचं नाही. वास कसा आहे, कधी येतो, कुठून येतो हे सांगायचं, का येतो हे सांगायचं नाही, कारण ते आपल्याला माहीत नाही. आंघोळ, घाम, खाणं, घर यातला एकही शब्द त्याने काढेपर्यंत आपण काढायचा नाही. आणि त्याने विचारल्याशिवाय उपाय सांगायचे नाहीत. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण अवघडलेल्या माणसाला सल्ला देण्याची फार घाई होते.

कसा, कधी, कुठून यासाठी मी तेजसला दोन दिवस त्या टेबलावर काम करायला सांगितलं. त्याला ते विचित्र वाटलं, माणसाचा वास घेत बसायचं म्हणजे काय. विचित्र आहेच. पण त्याने नंतर सांगितलं ते महत्त्वाचं निघालं: सकाळी आल्याआल्या थोडा ओल्या कपड्यांचा येतो, कपडे सुकले की जातो. मग साडेअकरा-बारापासून दुसराच येतो, आंबूस, कुजकट, आणि तो केतन जागेवरून उठून गेला तरी टेबलापाशीच राहतो.

जागा ठरवायला वेळ गेला. तेजसचं म्हणणं परतीच्या लोकलमध्ये बोलू. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये, जिथे तुमच्या खांद्यावर तिसऱ्याची हनुवटी असते! कॉन्फरन्स रूमला काच, बाहेरून सगळ्यांना दिसतं. हॉटेलात वेटर येतो जातो. शेवटी रेकॉर्ड रूम, जुन्या फाइली आणि एक स्टूल, शनिवारी अर्धा दिवस संपल्यावर. 13 जुलैचा शनिवार धरला, कारण 11 चं जीएसटीआर-1 उरकलं होतं आणि 20 ला अजून अवकाश होता, आणि बोलणं झाल्यावर त्याला लगेच त्याच टेबलावर जाऊन बसायला लागणार नव्हतं.

बोलणं तेजसने सांगितलं तसं देते, केतननेही नंतर "असंच झालं" म्हणून दुजोरा दिलाय.

"केतन, जरा अवघड बोलायचंय. कामाबद्दल नाहीये, कामाचं काही नाही. तुझ्या टेबलाला बसलो की मला वास जाणवतो. सकाळी ओल्या कपड्याचा, तो जातो, पण दुपारी आंबूस असा येतो आणि तो राहतो. आपला आपल्याला कळत नाही, म्हणून म्हटलं मी सांगतो."

केतन बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मी दोन वेळा आंघोळ करतो."

"करत असशील रे, मी आंघोळीचं म्हटलंच नाही."

"मग कपड्यांचा का?"

"मला नाही सांगता येत. टेबलाखालून येतो असं वाटतं."

केतनने खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "बूट."

मग त्याने स्वतःच सगळं सांगितलं. खोलीपासून बदलापूर स्टेशनपर्यंत पाणी तुंबतं, साडेसातला बूट आतून भिजलेले असतात, ऑफिसचा एकच जोड, तो रात्रीत सुकत नाही. दिवसभर ओले मोजे नकोत म्हणून टेबलाखाली बूट काढून बसायचा. जूनपासून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, मेडिकलमधून पावडर आणून लावत होता. कपडे रात्री धुवून पंख्याखाली दोरीवर, सकाळी हाताला दमटच लागतात, तेच घालून निघायचं. शर्ट सगळे पॉलिस्टरचे, कारण ते लवकर सुकतात. (लवकर सुकतात खरं, पण पॉलिस्टरमध्ये घामाचा वास सुतीपेक्षा जास्त धरून राहतो, हे धुणं धुणाऱ्या कोणालाही विचारा.)

मग त्याने विचारलं, "अजून कोण बोललं?" याची तयारी करून ठेवली होती. तेजस म्हणाला, "मी माझं सांगतोय." केतन म्हणाला, "सरांचा तो मेसेज माझ्यासाठी होता ना?" याची तयारी नव्हती. तेजसने क्षणभर थांबून "हो" म्हटलं. मला हे शंभर टक्के बरोबर वाटतं. नावं न सांगणं वेगळं आणि समोरून सरळ प्रश्न आल्यावर खोटं बोलणं वेगळं, कारण हे खोटं पुढे कधीतरी उघडं पडतंच आणि मग आजचं खरं बोलणंही वाया जातं.

काय झालं

सोमवारी केतनने रजा टाकली. मोठे सर टेन्शनमध्ये, "गेला का आता हा?" मंगळवारी आला, पायात फ्लोटर, पिशवीत कोरडे मोजे, आणि तेजसला डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. रजा घेऊन तो बदलापुरातच स्किनच्या डॉक्टरकडे गेला होता. त्यांनी तळवे बघितले, पांढरे पडलेले, टाचेला आणि चवड्याला टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. चिखल्या होत्याच, ती बुरशी, पण हे दुसरं, पिटेड केराटोलिसिस. पाय दिवसदिवस ओले राहिले की वरची कातडी मऊ पडते, काही बॅक्टेरिया तीच खातात, खड्डे पडतात, आणि त्यातून गंधकाच्या जातीची जी रसायनं सुटतात त्यांचा तो कुजका वास. पावसाळ्यात ओल्या बुटात काम करणाऱ्यांना, सैनिकांना, खेळाडूंना हे होतं. दुखत फारसं नाही, त्यामुळे लक्ष जात नाही. पावडर बुरशीची, आजार बॅक्टेरियाचा, त्यामुळे दीड महिना पावडर लावून उपयोग शून्य. लावायचं अँटिबायोटिक मिळालं, पाय कोरडे ठेवायला सांगितलं, महिन्याच्या शेवटापर्यंत वास गेला.

आता विचार करा, शनिवारी तेजस "जरा आंघोळीचं बघ" म्हणाला असता तर? केतन तिसऱ्यांदा आंघोळ करायला लागला असता, पाय अजून ओले, वास तसाच, आणि ऑफिस म्हणालं असतं, सांगूनही सुधारत नाही.

कपड्यांचं पूर्ण मिटलं नाही. दोन सुती शर्ट घेतले, दमट कपडे सकाळी थेट अंगात घालण्यापेक्षा खालच्या इस्त्रीवाल्याकडून काढून घ्यायला लागला, आणि एक शर्ट ऑफिसात ठेवायला लागला. तो ठेवायचा कुठे हा प्रश्न आला तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये एक स्टँड, एक जुना टेबलफॅन आणि बुटात कोंबायला रद्दी पेपर अशी सोय केली. आठवड्यात तो स्टँड भरला. डोंबिवलीची दोघं, टिटवाळ्याची एक, दिव्याहून येणारा ऑफिसबॉय, सगळ्यांचे मोजे आणि रेनकोट तिथे. म्हणजे ओलं होऊन येणं हा अर्ध्या ऑफिसचा प्रश्न होता, फक्त वास एकाचा आला. 1948 च्या कारखाना कायद्यात कामगारांचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला सोय असावी यासाठी एक आख्खं कलम होतं, 43 वं. ऑफिसांना तो कायदा लागू नव्हता, पण ठाण्या-कल्याणच्या पावसात हे कलम कोणाला सुचलं असेल ते कळतं.

नीलिमाताईंना मी फोन केला की तो मेसेज तुमच्याबद्दल नव्हता. त्या पहिल्यांदा रडल्या आणि लगेच म्हणाल्या, "म्हणजे केतनबद्दल होता तर." एकाला मोकळं करायचं तर दुसऱ्याचं नाव आपोआप पुढे येतं.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप. ऑगस्टमध्ये प्रणवच्या लॅपटॉपवर केतन एक एक्सेल शीट बघत होता आणि बाजूला व्हॉट्सॲप वेब उघडं. ग्रुपचं नाव दिसलं, वर स्क्रोल केलं, स्टिकर दिसले, तारखा दिसल्या. शनिवारचं बोलणं त्याला लागलं नव्हतं इतकं हे लागलं. प्रणवने वडापाव खाऊ घातला, सॉरी म्हटलं, केतनने वडापाव खाल्ला. दोघं आता कामापुरतंच बोलतात. प्रणवला लेखी समज द्या असं मी सांगितलं होतं, सरांनी तोंडी दिली, आणि तीही "पोरं आहेत, होतं असं" या सुरात.

भिवंडीचा क्लायंट केतनकडे परत आला, कारण त्यांनी स्वतः मागितलं.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्ये, वास यायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात, सायलीने दोन वाक्यं बोलायची. तेव्हा ना ग्रुप होता, ना स्टिकर, ना मेसेज, तिचं आणि केतनचं चांगलं जमायचं. "केतन, बूट का रे काढतोस, वास येतो" इतकं तिने हसत म्हटलं असतं तरी चाललं असतं. असली गोष्ट जितके दिवस पोटात ठेवावी तितकी ती जड होते, आणि प्रत्येक दिवसागणिक सांगणाऱ्यावर "मग इतके दिवस का नाही बोललीस" याचं उत्तर देण्याची पाळी येते.

मीटिंगमधून काढताना सरांनी कारण सांगायला हवं होतं, किंवा मग काढायला नको होतं.

एक गोष्ट इथे योगायोगाने सोपी गेली, वासाला औषध होतं. नसतं तर? काहींच्या शरीरात एक विकर (एन्झाइम) नीट काम करत नाही आणि ट्रायमिथिलअमाइन नावाचं रसायन घामातून बाहेर पडतं, माशासारखा वास येतो, कितीही धुवा जात नाही. खाण्यापिण्यात बदल करून कमी होतो, पूर्ण जात नाही. काहींना घामच अतोनात येतो. मधुमेह बिघडला की श्वासाचा वास बदलतो आणि ते तर तातडीचं, तिथे एचआरचं नाही, दवाखान्याचं काम. अशा वेळी "डॉक्टरकडे जाऊन ये" म्हणून ऑफिसची जबाबदारी संपत नाही. खिडकीजवळची जागा, चालू एक्झॉस्ट, काही दिवस घरून काम, आणि टेबलावरच्या लोकांना काय सांगायचं आणि काय नाही, याचा विचार लागतो. या ऑफिसने तो केलेला नाही. एक्झॉस्ट मात्र आता चालू असतो, आवाज करतो.

मोठ्या सरांनी विचार केला तो भलताच. त्यांना नेमणुकीच्या पत्रात "वैयक्तिक स्वच्छता राखणे बंधनकारक" असं कलम हवंय. मी ते ड्राफ्टमध्ये घातलेलं नाही. असं कलम सगळ्यांसाठी लिहिलं जातं आणि ठरावीक लोकांवर चालवलं जातं. ज्याच्या डब्यावरून आधीच बोलणं होतं, जो लांबून भिजत येतो, ज्याच्या खोलीला गॅलरी नाही, त्याच्यावर. वर, केतनने ते कलम एकही दिवस मोडलं नव्हतं. सर अजून अधूनमधून विचारतात, मी अजून नाही म्हणते.

दिवस आणि वेळ याबद्दल केतनचं मत माझ्या अगदी उलट आहे. मी शनिवार निवडला की त्याला लगेच कोणाला तोंड दाखवायला लागू नये. तो म्हणतो शनिवार सगळ्यात वाईट, कारण रविवारभर खोलीत पडून तो एकेक माणूस आठवत बसला, कोण कधी लांब सरकलं, कोण कधी डबा उचलून गेलं, लोकलमध्येही कोणी उठलं की माझ्यामुळेच का. मंगळवारी सकाळी सांगितलं असतं तर कामात डोकं गेलं असतं. त्याला तर समोरासमोर बोलणंही नको होतं, म्हणाला दादाने साधा मेसेज केला असता, मी एकट्याने वाचला असता, चेहरा सांभाळायला लागला नसता. तेजस म्हणतो मेसेज राहतो, स्क्रीनशॉट निघतो, आणि या ऑफिसात स्क्रीनशॉटचं काय होतं ते बघितलंय. दोघांनी यावर माझ्यासमोर वाद घातला, चहा संपला तरी मिटला नाही. पुढच्या वेळी, दुसऱ्या कुठल्या ऑफिसात, मी तरी परत समोरासमोरच सांगायला सांगेन. वार मात्र आधी विचार करून ठरवेन, समोरचा माणूस घरी जाऊन कोणाजवळ बोलू शकतो की नाही ते बघून.